काकूंची बडबड

"काकू, आजचा दिवस उतरा ना," अभिजीत म्हणाला आणि त्याने एमजीचं दार उघडून धरलं.

संध्या उतरली नाही. तिने पर्स मांडीवर आणखी घट्ट धरली. अंबरनाथ पश्चिमेच्या मैदानावर जुन्या गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेत पहिली होती तिच्या नवऱ्याची, राजेंद्रची, लाल एमजी. सत्तर वर्षांची, ठेंगणी, बिनछपराची, आणि दोनच सीटची. थोड्या वेळात झेंडा हलणार, मग सगळ्यांनी बदलापूरपर्यंत जाऊन परत यायचं. अभिजीत या गाडीवाल्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. आज राजेंद्रकाकांच्या शेजारी वेणूबाई बसणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

वेणूबाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. गाडी मूळची त्यांच्या यजमानांची. नवी नवरी म्हणून त्या हिच्यातूनच अंबरनाथला आल्या होत्या. पुढे यजमान गेले, त्यांचा कारखाना बंद पडला आणि शेडमधल्या एमजीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. राजेंद्रने ती तिथून उचलली आणि नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभी केली. आता ऐंशीच्या वेणूबाई डोक्याला रेशमी रुमाल बांधून, नटूनथटून समोर उभ्या होत्या.

"एकच चक्कर गं पोरी," त्या म्हणाल्या. "मग तुझी गाडी तुला."

संध्या उतरली. काय करणार?

राजेंद्रला काचबिंदू होता. डॉक्टरांकडून आला त्या दिवशी घरात त्याने एवढंच सांगितलं, "नंबर वाढलाय." पण संध्याला कळायचं ते कळलं. तो घरातल्याच स्टुलाला अडखळायचा. शेजारी येऊन उभं राहिलेलं माणूस त्याला दिसायचं नाही. समोरचं तेवढं दिसायचं, दोन्ही बाजू गेल्या होत्या. रोजची साधी गाडी त्याने गुडघ्याचं निमित्त काढून तिच्याकडे दिली. एमजी मात्र सोडली नाही. मग रविवारी क्लबबरोबर निघाले की संध्याचं तोंड सुरू व्हायचं. "अहो, डावीकडून रिक्षा. तो बाईकवाला घुसतोय बघा. म्हैस आहे, म्हैस!" राजेंद्र खेकसायचा, "दिसतंय मला! किती बोलशील?" पण त्याचा पाय आधीच ब्रेकवर गेलेला असायचा. काकूंची बडबड हा क्लबात चेष्टेचा विषय होऊन बसला. तिने तो होऊ दिला.

खरं तर सरळ किल्ली काढून घ्यायला हवी होती. तिला ते रोज वाटायचं. पण रविवारी सकाळी तो गुणगुणत बॉनेट पुसायला लागला की तिचा धीर व्हायचा नाही. आपल्या या भित्रेपणाचा तिला भयंकर राग यायचा. आज तर त्या भित्रेपणापायी एका म्हातारीचा जीव धोक्यात आला होता, आणि म्हातारी खुशीत फोटो काढून घेत होती.

संध्याचा पाय एका जागी ठरेना. ती अभिजीतकडे गेली. "गाडीतून तेल गळतंय रे," म्हणाली.

"काकू, तेल गळतंय म्हणजे गाडी ठणठणीत आहे," तो हसला. जुन्या गाड्यांच्या वेड्यांना काहीही सांगा, त्यांना त्यात कौतुकच दिसतं.

मग ती वेणूबाईंकडे गेली. वारा फार लागतो हो, म्हणाली. वेणूबाईंनी डोक्यावरचा रुमाल दाखवला. शेवटी ती राजेंद्रच्या कानाशी वाकली.

"अहो, आज नका ना जाऊ."

"का?"

चारी बाजूंनी मोबाइल रोखलेले होते. कौतुकाने त्याचा चेहरा फुलला होता. "ऊन फार आहे," ती म्हणाली.

"सकाळी आठ वाजता?"

मागच्या जीपमधून सनी ओरडला, "काकू, आज तरी अंकलना शांतीत चालवू द्या ना यार!" मैदानभर हशा पिकला. संध्याही हसली. ती पाण्याच्या पिंपापाशी गेली, पाणी न पिताच परत आली.

वेणूबाई राजेंद्रशेजारी बसल्या आणि एमजीचं इंजिन सुरू झालं. सगळे शांत होऊन तो खर्जातला आवाज ऐकू लागले. अभिजीतने झेंडा वर धरला. आणि संध्या पळाली. साडी सावरत, माणसं ढकलत ती एमजीपाशी पोचली. बाजूला उभं राहून उपयोग नव्हता. ती अगदी समोर जाऊन उभी राहिली, बॉनेटला चिकटून.

पुन्हा हशा झाला. "काकू, पुढच्या वेळी तुम्ही!" कोणीतरी म्हणालं. संध्याने तोंड उघडलं. सगळ्यांसमोर सांगून टाकायचं असं ठरवून ती आली होती. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने तोंड मिटलं. डोळे मात्र भरून आले.

राजेंद्र तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं. दाराची कडी चाचपून उघडली, उतरला आणि गाडीच्या अंगावरून हात फिरवत तिच्यापर्यंत आला. त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"गाडी ही नेईल," तो अभिजीतला म्हणाला.

"काकू?" अभिजीतचा झेंडा तसाच वर राहिला. "काका, त्यांनी ही गाडी कधी चालवलीय तरी का?"

"अरे, दोन वर्षं तीच चालवतेय," राजेंद्र म्हणाला. "मी नुसता स्टिअरिंग धरून बसतो."