धुक्यातला गुडघा

यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या बिडाच्या तव्याची शपथ घेऊन सांगते. ज्याला पटत नसेल त्यानं पुन्हा माझ्या घरचा गंबो, म्हणजे कोळंबीचा रस्सा, खाऊ नये.

तर व्हर्जिल गिड्री खुर्चीत बसला होता आणि समोर पडद्यावर दोन पाय थांबलेले होते. नुसते पाय. गुडघ्याच्या वर सगळं धुकं. चौकशीला आलेल्या तीन माणसांना त्याच्याकडून एवढंच हवं होतं, की हे पाय कुणाचे.

आमच्या बेल्मोर कॉलेजात क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलात चेंडू फेकणारी पोरं, तयार करायचं काम व्हर्जिलचं. रविवारी चर्चमधून आला की आदल्या दिवशीच्या मॅचचं चित्रण लावायचा आणि पोराच्या एकेका फेकीला गुण द्यायचा. नजर अशी, की चेहरा झाकून नुसते पाय दाखवा, पोरगा कोण ते सांगेल आणि सकाळी काय खाऊन आलाय तेही सांगेल. फक्त पोरांना नावानं हाक मारायची त्याला सवय नव्हती, पाठीवरच्या नंबरानंच बोलवायचा. ए बारा, इकडे ये. ए सात, झोपलास काय.

सात म्हणजे ॲन्सेल फोंतेनो, कोळंबीवाल्या फोंतेनोचा नातू. त्याचा हात काय सांगू. एकदा चेंडू असा फेकला, की तो खाली येईस्तोवर बँडनं अख्खं गाणं वाजवून संपवलं, आणि आला तेव्हा त्यावर पेलिकन बसलेला होता.

त्याचं पहिलं वर्ष. कॉलेजकडून खेळायला चारच वर्षं मिळतात, पण नियम असा, की पहिल्या वर्षी पोरगा चारच मॅच खेळला तर ते वर्ष धरत नाहीत, शेवटी खेळायला एक वर्ष जास्तीचं मिळतं. ॲन्सेलच्या चार झाल्या होत्या. पाचव्या मॅचला एका चेंडूपुरता जरी आत गेला, तरी वर्ष गेलं.

हंगामाची शेवटची मॅच. खाडीवरून धुकं आलेलं. आपण जिंकल्यातच जमा होतो. आता चेंडू हातात घ्यायचा, गुडघा टेकून उरलेला वेळ संपवायचा आणि घरी जायचं, एवढंच राहिलेलं. शेवटच्या वर्षाच्या मोठ्या क्वार्टरबॅकला निरोपाच्या रिवाजाप्रमाणे बाहेर बोलावलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच्या जागी राखीव पोरगा पर्सी लँड्री जायचा होता. तर पर्सी बाकामागे बादलीत तोंड घालून बसलेला, शिळं सॉसेज खाल्लं होतं मेल्यानं. तिकडे घड्याळ पळतंय. व्हर्जिल वळला, जो दिसला त्याला ओरडला, "ॲन्सेल, जा, गुडघा टेकून ये."

ॲन्सेलनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग गेला.

गुडघा टेकणं म्हणजे खेळणं असं कुणाच्या मनातच येत नाही हो. पण नियमात येतं. वर बसून नोंद करणाऱ्यांना धुक्यात नंबर दिसला नाही, त्यांनी पर्सीचं नाव धरलं. रविवारी व्हर्जिलनं चित्रण लावलं, ते पाय बघितले आणि ही ॲन्सेलची पाचवी मॅच, हे तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात आलं. त्यानं यंत्र बंद केलं आणि कुणाला बोलला नाही.

पुढची वर्षं माणूस आतून पोखरला. ॲन्सेलच्या चांगल्या फेकीला गुण कमी द्यायचा, मग वाईट वाटून वाढवायचा, मग ते वाढवलेले चोरीचे वाटायचे, की पुन्हा कमी. चर्चमध्ये गुडघे टेकेना. उभ्यानंच प्रार्थना. बायको म्हणायची, सांधे धरले असतील तर डॉक्टरला तरी दाखव.

फुटलं ते पर्सीच्या लग्नात. नवरदेव पर्सीच ग्लास हातात घेऊन बोलायला उभा राहिला आणि त्या बादलीचा किस्सा सगळ्या पाहुण्यांना रंगवून सांगितला. पाहुण्यांत त्या मॅचला हरलेल्या कॉलेजचा एक जण होता. त्यानं तक्रार ठोकली, की गुडघा पर्सीनं टेकला नसेल तर ॲन्सेलचं जास्तीचं वर्ष खोटं.

आणि त्याच जास्तीच्या वर्षी मोठ्या व्यावसायिक संघांची माणसं ॲन्सेलला निवडीसाठी बघायला येणार होती. गावानं व्हर्जिलला धरलं. पर्सीचे पाय म्हण, कोण बघतंय. पर्सी स्वतः म्हणाला, बादलीची थाप मारली होती असं सांगतो. आमचे पाद्रीबाबासुद्धा म्हणाले, धुकं देवानंच पाठवलं होतं.

चौकशीच्या बाईंनी चष्मा वर केला. "पाय बघून पोरगा ओळखता म्हणे तुम्ही. मग हे कुणाचे?"

शेजारी ॲन्सेल बसलेला. व्हर्जिलनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"ॲन्सेलचे," तो म्हणाला. "टेकताना डावी टाच आधी उचलतो तो. त्याची काही चूक नाही, मी पाठवलं त्याला."

बाई म्हणाल्या, चूक कुणाचीही असो, वर्ष गेलं.

बाहेर गाड्यांपाशी व्हर्जिलनं त्याला गाठलं. "त्या दिवशी नियम तुला माहीत होता?"

"होता, कोच."

"मग गेलास कशाला?"

"तुम्ही पहिल्यांदाच नावानं हाक मारलीत."

आता एवढं एक मी पदरचं घातलंय. पेलिकन खरा, बादली खरी, पण गाड्यांपाशी ॲन्सेल एक शब्द बोलला नाही. दार लावलं आणि गेला, तो पुन्हा या गावात फिरकला नाही. हे व्हर्जिललाही ठाऊक आहे, तिथे तोच तर होता. तरी दर रविवारी माझ्या व्हरांड्यात येऊन बसतो, गंबोचा वाडगा तसाच हातात गार होतो, आणि म्हणतो, "मावशी, तो काय म्हणाला ते परत सांग."