यंत्राची पूजा

हवेचा अभ्यास करणाऱ्या योगिनीने सिन्नरजवळच्या एका गावात, लंकाबाईंच्या गच्चीवर धूर मोजायचं यंत्र बसवलं होतं. खंडेनवमीला लंकाबाईंनी विळा-कोयत्याबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि पुढ्यात अगरबत्ती लावली. त्या दिवशी आकडा भलताच चढला.

"मावशी, याच्याजवळ अगरबत्ती नका लावू. हे सगळाच धूर मोजतं."

"नाय लावणार, ताई," लंकाबाई ओशाळल्या.

पुढे ग्रामसभेत योगिनीने रोजचे आकडे मांडले, तेव्हा शेजारच्या कारखान्याचे साहेब लंकाबाईंकडे बोट दाखवून हसले. "मॅडम, हा धूर आमच्या धुराड्याचा नाही, यांच्या अगरबत्तीचा आहे."

"अहो, ती एकच दिवस लावली होती!"

"मग पुढच्या महिन्यात बघू की."

पुढच्या महिन्यात आकडे दुप्पट झाले. योगिनी धावत गच्चीवर गेली. यंत्राला ताजा हार होता आणि समोर अगरबत्तीचा अख्खा पुडा जळत होता.

"मावशी, तुम्ही मला शब्द दिला होता!"

"मी नाय लावली, ताई. कारखान्याचे साहेबच रोज येऊन पूजा करत्यात. लय देवभोळा माणूस हाय!"