भुवई

इंग्रजीच्या बाई शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर रोज एक शब्द लिहून त्याचं मूळ सांगत. त्या दिवशी त्यांनी ‘सुपरसिलियस’ लिहिला. “म्हणजे शिष्ट, तोऱ्यात वावरणारा. भुवईच्या लॅटिन शब्दावरून आलाय. उदाहरण हवंय? आपल्या गणिताच्या नव्या बाई! भुवई कधी खाली येते का!” सगळी खोली खदखदून हसली. नव्या बाईही हसल्या. मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या बाई हात धुवायला गेल्या, तर आरशासमोर नव्या बाई ओल्या रुमालानं भुवया पुसत होत्या. तिथे एकही केस नव्हता. “औषधांनी गेले हो,” त्या ओशाळून म्हणाल्या, “काढताना हात थरथरतो, रेघ वरच जाते.” मग पेन्सिल पुढे केली. “तुम्हीच काढून द्या ना. कुठवर चालेल, ते तुम्हाला नेमकं ठाऊक.” इंग्रजीच्या बाईंनी पेन्सिल घेतली खरी, पण त्यांची नजर काही वर उठेना.