तीनशे वर्षांची खोली

"मॅडम, तीनशे वर्षं जुनी शे ही खोली," नथ्थूनाना म्हणाले.

"काल दोनशे व्हती ना!" बांधावर बसलेली त्यांची बायको सुंदरबाई पुटपुटली. "रातमा शंभर वाढनी का?"

नानांनी डोळे वटारले.

नरडाण्याच्या बाजूला नव्या कारखान्यांसाठी जमीन घेतली जात होती. आखलेली हद्द नानांच्या शेतातून जात होती. शेतातली खोली शंभर वर्षांहून जुनी ठरली, तरच हद्द वळणार होती.

खोली साधीच. दगडी भिंती, वर मातीचं धाबं, दाराला कवाड नाही. चैत्रात देवीच्या गडावर पायी जाणारे तिथे ऊन टाळत. एक्कावन्न साली नानांच्या वडिलांनी बोदवडच्या पितांबर गवंड्याकडून ती बांधून घेतली होती. हे गावाला ठाऊक होतं. आज गाव गप्प होतं.

तपासणीला आलेल्या प्रमिलाबाई पन्नाशीच्या. त्या दगडांवरून सावकाश हात फिरवत होत्या.

"बांधली कोणी?"

"कोन्या देवमानसानं. नाव कोनले माहीत?"

"डावखुरा होता," बाई म्हणाल्या. "टाकीचे घाव बघा. सगळे उलट्या बाजूनं आलेत."

नानांनी टोपी सारखी केली. पितांबर डावखुराच होता. या बाईला दगड वाचता येत होते.

त्या आत जाऊन जमिनीवर बसल्या. "ही भिंत किंचित कललेली आहे. बसणाऱ्याची पाठ टेकावी म्हणून. तीनशे वर्षांपूर्वी एवढा विचार कोण करायचं, नाना?"

"पहिले लोक हुशार व्हतात."

"सारी हुशारी तठेच सरनी," सुंदरबाई म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. बराच वेळ त्या भिंतीला पाठ लावून बसून राहिल्या. मग बाहेर येऊन त्यांनी फॉर्म भरला.

नानांना राहवेना. "काय लिखं, मॅडम?"

बाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला. वय: अंदाजे तीनशे वर्षे. बांधणारा: अज्ञात. 'अज्ञात'च्या आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं.

नानांनी हात जोडले. हद्द वळली होती.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"नाना, तुम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतात," त्या म्हणाल्या. "भिंतीसाठी मातीचा गारा फार पातळ कालवायचात, असं माझे वडील गेल्या महिन्यापर्यंत सांगायचे."