जादा ब्रेक

बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवलेल्या बाईंचं निवृत्तीनंतर एकच स्वप्न होतं: रेसच्या ट्रॅकवर हौशी चालकांना सोडतात, त्या दिवशी आपणही गाडी पळवायची. नवऱ्याने सगळी शोरूम पालथी घातली. बाईंनी लाल गाडीलाही नाक मुरडलं, निळीलाही. शेवटी ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारातल्या पोचे पडलेल्या शिकवणीच्या गाडीवर थाप मारली. “हीच.” “अगं, हिचं अख्खं आयुष्य वीसच्या स्पीडने गेलं!” नवरा ओरडला. “माझं तरी कुठे वेगळं गेलं?” शिकाऊंना आवरायला शेजारच्या सीटपुढे बसवलेला, बावीस वर्षं दाबून गुळगुळीत झालेला जादा ब्रेक बाईंनी स्वतः पाना फिरवून काढला. ट्रॅकच्या तोंडाशी शेजारी बसलेला नवरा पायाने ब्रेक चाचपू लागला, तेव्हा बाईंनी तो सुटा ब्रेक त्याच्या मांडीवर ठेवला. “भीती वाटली की दाबा.” आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी ॲक्सिलरेटर तळाला टेकवला.