मुठीतले ठोके

खंडेनवमीला चौकीतल्या पिस्तुलांना झेंडू वाहून झाले, तेव्हा शेवंताबाई दुधाळ दारात उभ्या होत्या. हातात फडक्यात गुंडाळलेली विळी होती. गेल्या महिन्यात त्यांचा मनानं आजारी असलेला मुलगा केदार याच विळीचं पातं काठीला बांधून फौजदार घोडक्यांच्या अंगावर धावून गेला होता.

"या मावशी," घोडके म्हणाले. "पातं परत बसवलं?"

"त्यानंच बसवलं. गोळ्या घेतोय वेळेवर. आज पूजेत ठेवू का इथं?"

घोडक्यांनी आपलं पिस्तूल सरकवून जागा केली.

"साहेब, तुम्ही चाप ओढलेला मी पाहिला होता," त्या हलकेच म्हणाल्या.

घोडक्यांनी आपल्या पिस्तुलाकडे पाहिलं. या नव्या पिस्तुलाचा चाप पहिल्यांदा ओढला की गोळी सुटत नसे. समोरच्या माणसाच्या हृदयाचे ठोके मुठीत जाणवत. गोळी सुटायची ती दुसऱ्यांदा ओढल्यावर.

"परत का नाही ओढला?"

"आधी वाटलं, माझंच काळीज धडधडतंय. मग कळलं, तो माझ्याहून जास्त घाबरलाय. म्हणून मागं सरलो आणि त्याला नावानं हाक मारली."

शेवंताबाईंनी विळीला कुंकू लावलं, पिस्तुलालाही लावलं. मग घोडक्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि तळव्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"पूजेतून हा हात राहून जायला नको," त्या म्हणाल्या.