दोन डबे, दोन पातेली

'आपली माणसं, आपला मसाला' म्हणत एका ब्रँडने प्रत्येक समाजाचं वेगळं पाकीट काढलं आणि लालबागच्या केतकीच्या घरात फाळणीच झाली! मालवणी बाबांचा डबा वेगळा, वरळीच्या कोळी आईचा वेगळा. बांगड्याचं कालवणसुद्धा दोन पातेल्यांत. डबा चुकला, की आठवडाभर अबोला!

रविवारी दोन्ही डबे रिकामे निघाले, म्हणून केतकी दुकानात पळाली.

दुपारी बाबांनी बोटं चाटली. "हेका म्हणतत मालवणी चव!"

"अहो, कोळणीचं चाखा आधी," आई ठसक्यात म्हणाली. "हे रक्तातच असावं लागतं!"

"त्या घाटी मसाल्यात कुठली आलीय ही मजा?" यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

केतकीने दोघांच्या ताटांत आणखी कालवण वाढलं.



दुकानात उरलेलं घाटी मसाल्याचं एकुलतं एक पाकीट तिनेच दोन्ही डब्यांत अर्धं अर्धं ओतलं होतं.